छायाचित्र घेणारा कोठे उभा होता?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारीत सामानसुमान भरून सहकुटुंब पश्चिमेची वाट धरावयाची, ॲरिझोना, यूटा, नेव्हाडा, न्यू मेक्सिको या रुक्ष मुलखातून मजल दरमजल हिंडावयाचे, आणि जेथे जेथे एखादा तांबडा कडा, पाषाणाची कमान किंवा खोल दरी दृष्टीस पडेल तेथे तेथे मुलांना उंचीच्या क्रमाने उभे करून एक छायाचित्र घ्यावयाचे, हा परिपाठ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतील मध्यमवर्गाच्या अंगी इतका मुरला होता की, तेथील जुन्या घरांच्या माळ्यांवरून आज ज्या पेट्या खाली येतात त्यांत असल्या चित्रांचा खच सापडावा यात नवल नाही. ज्यांनी ती घेतली ते बहुतेक कालवश झाले आहेत. ज्यांची घेतली ती मुले साठी-सत्तरीच्या घरात आली आहेत. आणि त्यांतील कित्येकांना अलीकडे अशी ओढ लागली आहे की, ते चित्र हाती धरून पुन्हा त्या मुलखात जावे, नेमकी तीच जागा धुंडाळून काढावी, आणि जमल्यास त्याच शिळेवर, त्याच क्रमाने, त्याच उन्हात उभे राहून नवे चित्र घ्यावे.

वरवर पाहता हा एक खेळ आहे, आणि तो तसा मानून करणारे पुष्कळ आहेत. अर्जेंटिनाच्या इरिना वेर्निंग या छायाचित्रकर्त्रीने २०१० च्या सुमारास प्रौढ स्त्री-पुरुषांना त्यांच्या बाळपणीच्या चित्रांतील पोशाखात आणि पवित्र्यात पुन्हा उभे करून जी मालिका तयार केली तिच्यामुळे या छंदाला मोठी प्रसिद्धी लाभली, आणि मग टक्कल पडलेले गृहस्थ आखूड चड्ड्या घालून थोरल्या बहिणीच्या मांडीवर बसू लागले. त्या विनोदाशी माझे भांडण नाही. परंतु वाळवंटातील चित्राची पुनरावृत्ती हा त्याहून निराळा आणि पुष्कळ अधिक गंभीर उद्योग आहे, कारण तेथे चेहऱ्याची नक्कल करावयाची नसून जागेचा शोध घ्यावयाचा असतो, आणि तो शोध शेवटी अशा व्यक्तीपाशी जाऊन पोचतो की जी त्या चित्रात मुळी नाहीच.

कौटुंबिक सहलीच्या चित्रात सारे असतात. चित्र घेणारा तेवढा नसतो. बहुधा ते वडील असतात, क्वचित आई. आणि पेटीतील शे-दोनशे चित्रे उलटूनपालटून पाहिली तरी त्यांची प्रतिमा एखाद-दुसऱ्या चित्रातच, आणि तीही कोणा वाटसरूच्या हाती कॅमेरा दिल्यामुळे वाकडीतिकडी आलेली, अशी सापडते. परंतु भूमितीचा एक साधा नियम या उणिवेची विलक्षण भरपाई करतो. जवळची वस्तू दूरच्या वस्तूपुढे कोठे येते, पुढल्या खडकाची कड मागच्या शिखराला कोठे छेदते, हे केवळ भिंग अवकाशात ज्या बिंदूवर होते त्या बिंदूवर अवलंबून असते. भिंग लहान-मोठे असले तर चित्राचा आवाका कमीजास्त होईल. पण पुढल्या-मागल्या वस्तूंचा परस्परसंबंध बदलावयाचा तर कॅमेराच जागेवरून हलला पाहिजे. म्हणून कोणत्याही चित्रात, ते घेणाऱ्याने जाणून किंवा न जाणता, स्वतःच्या उभे राहण्याचा पुरावा लिहून ठेवलेला असतो. आणि जो मनुष्य चित्रात दिसत नाही त्याचाच ठावठिकाणा ते चित्र सर्वांत बिनचूक सांगते.

हा पुरावा वाचता येण्यासाठी मात्र त्यातील वस्तू जागच्या जागी राहिलेल्या असाव्या लागतात, आणि येथेच वाळवंटाचे महत्त्व आहे. शहरात घेतलेल्या चित्रातील इमारती पन्नास वर्षांत जमीनदोस्त होतात. अरण्यात वृक्ष वाढून सगळा देखावाच झाकून टाकतात. शेतवडीत बांध मोडतात आणि विहिरी बुजतात. वाळवंटात भूमी उघडी असते. तेथील शिळा, त्यांवरील भेगा, कड्यांचे थर आणि क्षितिजावरील डोंगरांची रेघ ही मोजणीखात्याने पुरलेल्या हद्दीच्या दगडांप्रमाणे पिढ्यान् पिढ्या ठरल्या ठिकाणी उभी असतात, आणि साठ वर्षांपूर्वीच्या चित्रातील हातभर लांबीचा एखादा धोंडा आजही त्याच कुशीवर पडलेला सापडणे ही त्या मुलखात रोजची गोष्ट आहे.

या विद्येचा पाया अर्थात कौटुंबिक चित्रांनी घातलेला नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धाची छायाचित्रे घेतलेला टिमोथी ओसुलिव्हन हा १८६७ साली क्लॅरेन्स किंग यांच्या सरकारी सर्वेक्षणाबरोबर नेव्हाडाच्या वाळवंटात गेला. काचेच्या ओल्या पट्ट्यांवर चित्र घेण्याच्या त्या काळात पट्टी सुकण्यापूर्वीच ती अंधारात धुवावी लागे, म्हणून खेचरांनी ओढलेल्या गाडीतच त्याने अंधारखोली थाटली होती; आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये एकाकी उभ्या असलेल्या त्या गाडीचे त्याने घेतलेले चित्र छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ओसुलिव्हन, विल्यम हेन्री जॅक्सन आदी सर्वेक्षणकारांनी जेथे जेथे कॅमेरा रोवला ती ठाणी शोधून काढून तेथूनच पुन्हा चित्रे घ्यावीत, अशी मोहीम मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात पार पाडली. तिचा ग्रंथ ‘सेकंड व्ह्यू’ या नावाने १९८४ साली निघाला. पुढे शतक संपता संपता त्यांतील बऱ्याच ठिकाणी क्लेट तिसऱ्यांदा गेले.

या मोहिमेत एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. यूटामधील वेबर खोऱ्यातील काही शिळांचे ओसुलिव्हनने घेतलेले चित्र अत्यंत नाट्यपूर्ण आहे; त्यातील खडक भयंकर कलते आणि कोसळण्याच्या बेतात असलेले दिसतात. शतकानंतर त्याच ठाण्यावर कॅमेरा लावला तेव्हा ध्यानात आले की, खडक आहेत तसे सरळच उभे आहेत. ओसुलिव्हननेच कॅमेरा तिरपा धरला होता. सरकारी दप्तरात जे चित्र वस्तुस्थितीची नोंद म्हणून दाखल झाले होते त्यात चित्रकाराची मर्जी किती मिसळली होती, हे समजावयास त्याच्याच जागी जाऊन उभे राहावे लागले. एरवी आपण चित्र पाहतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. फार तर त्यातील माणसे ओळखतो.

आता सामान्य कुटुंबाकडे वळू. अशा शोधाला निघणाऱ्याने प्रथम चित्राची कसून तपासणी करावी, आणि ती पंचनाम्याच्या शिस्तीने करावी. त्या काळच्या पुष्कळ छापील चित्रांच्या पांढऱ्या कडेवर, तसेच पारदर्शिकांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, महिना व वर्ष उमटवलेले असते. पण ती तारीख फिल्म धुतल्याची असते, चित्र घेतल्याची नव्हे, आणि ज्या घरात एकच रोळ गणेशचतुर्थीपासून होळीपर्यंत पुरवून वापरला जात असे त्या घराच्या अनुभवावरून वाचकांना हा भेद सहज समजेल. पारदर्शिका असेल तर ती उलटी तर धरली जात नाही ना, हे आवर्जून पाहावे. यंत्रात पालथी घालून नक्कल काढली की डावे उजवे होते, आणि मग जगात अस्तित्वातच नसलेल्या दरीच्या शोधात मनुष्य दिवस दिवस वणवण करतो. मोटारीच्या क्रमांकपट्टीवरील किंवा एखाद्या पाटीवरील अक्षरे अशा वेळी सत्य सांगतात. रंगांवर फार भिस्त ठेवू नये. कोडॅक्रोम नावाची जी फिल्म १९३५ साली निघाली आणि २००९ साली बंद झाली तिच्यावरील रंग अंधारात ठेवल्यास अनेक दशके टिकतात. उलट साठ-सत्तरच्या दशकांतील साधे रंगीत कागदी छाप कालांतराने तांबूस पडतात, आणि मुळात करड्या असलेल्या डोंगराला तांबडा समजून शोधणारा भलत्याच राज्यात जाऊन पोचतो.

चित्रातील सावल्या हे घड्याळ आणि पंचांग दोन्ही आहे. सूर्य आकाशात एका विशिष्ट ठिकाणी वर्षातून दोनदा येतो, एकदा उत्तरायणात आणि एकदा दक्षिणायनात. तेव्हा १० ऑगस्टच्या सकाळी घेतलेल्या चित्रातील सावल्या मेच्या प्रारंभीही जवळजवळ तशाच पडलेल्या मिळतील. वेळ मात्र घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून धरावी हे उत्तम, कारण त्या मुलखातील घड्याळांचा कारभार मोठा चमत्कारिक आहे: ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाही, पण त्याच राज्यात पसरलेला नावाहो लोकांचा प्रदेश करतो, आणि एका दुपारच्या प्रवासात मनुष्य एक तास मिळवतो व पुन्हा गमावतो.

प्रदेश ठरला, डोंगर ओळखला, की उरते ते नेमके ठाणे. संगणकावर गूगल अर्थमध्ये भूमीचे उंचसखल आकार फिरवून क्षितिजाची रेघ जुळवून पाहण्याची सोय हल्ली झाल्यामुळे पूर्वी जे काम आठवड्याचे होते ते घरबसल्या एका संध्याकाळचे झाले आहे. परंतु शेवटची वीस पावले अजूनही पायांनीच मोजावी लागतात. चित्रातील दोन खुणा निवडावयाच्या, एक जवळची आणि एक दूरची, ज्या चित्रात एकमेकींना अगदी चिकटून दिसतात. प्रत्यक्षात जवळची खूण दूरच्या खुणेच्या उजवीकडे सरकलेली दिसली तर आपण डावीकडे आलो आहोत. तेव्हा उजवीकडे सरकावे. डाव्या बाजूच्या एका जोडीवरून आणि उजव्या बाजूच्या दुसऱ्या जोडीवरून असे दोन्हीकडून जुळवीत आले की दोन रेषा जेथे छेदतात ती जागा सापडते. उरली उंची. जवळचा खडक मागच्या मैदानाला कोठवर झाकतो यावरून ती कळते, आणि तेथे बहुतेकांची फसगत होते; कारण पन्नासच्या दशकात घरोघर असलेला ब्राउनी हॉकआय यासारखा पेटीवजा कॅमेरा डोळ्याशी लावीत नसत, तो पोटाशी धरून वरून खाली त्यात डोकावीत. आज डोळ्याशी यंत्र लावून उभ्या असलेल्या मुलाला चित्र काही केल्या जुळत नाही, आणि मग तो गुडघे वाकवून हातभर खाली येतो तेव्हा सारे खडक आपापल्या जागी बसतात. वडील कोठे उभे होते एवढेच यावरून समजते असे नाही. त्यांनी कॅमेरा कसा धरला होता, मान किती वाकवली होती, हेही समजते.

जागा मिळाल्यावर जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहताना बदल दिसू लागतात, आणि वाळवंटात काही बदलत नाही ही समजूत हळूहळू गळून पडते. ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळ टुमामॉक टेकडीवर १९०३ साली स्थापन झालेली एक वाळवंट-प्रयोगशाळा आहे. तिच्याशी संबंधित असलेल्या रॉडनी हेस्टिंग्ज आणि रेमंड टर्नर या दोन संशोधकांनी दक्षिण ॲरिझोना व त्याला लागून असलेला मेक्सिकोचा भाग यांतील जुन्या चित्रांची ठाणी शोधून, नव्याजुन्या चित्रांच्या जोड्या लावून, ‘द चेंजिंग माइल’ हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे की, जेथे पूर्वी गवताळ उतार होते तेथे मेस्कीटची झाडोरी माजली आहे, आणि ओकवृक्ष खालच्या उतारांवरून मागे हटले आहेत. हे मेस्कीट म्हणजे आपल्याकडे जिने माळरानेच्या माळराने गिळली त्या वेड्या बाभळीच्याच गोत्रातले झाड. त्या वाळवंटाचा मानदंड जो सग्वारो निवडुंग, तो दीडशेहून अधिक वर्षे जगतो आणि त्याला पहिली फांदी फुटावयास सामान्यतः पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. त्यामुळे १९५५ च्या चित्रात मुलीच्या खांद्यामागे जो सरळसोट खांब दिसतो तोच आज हात वर केलेला भेटण्याचा संभव असतो, किंवा मग त्याच्या जागी नुसत्या वाळलेल्या काड्यांचा सांगाडा उरलेला असतो.

यापेक्षा विलक्षण हकीकत ग्रँड कॅन्यनची आहे. कोलोरॅडो नदीच्या त्या अजस्र घळीच्या तळातून आगगाडीचा लोहमार्ग न्यावा असा एक अचाट मनसुबा १८८९ साली निघाला. पाहणीच्या पहिल्याच फेरीत कंपनीचे अध्यक्ष फ्रँक ब्राउन नदीत बुडून मरण पावले. मुख्य अभियंता रॉबर्ट स्टँटन याने दुसऱ्यांदा तुकडी नेली, तर १८९० सालच्या पहिल्याच दिवशी छायाचित्रकार निम्स कड्यावरून पडून जायबंदी झाला. तेव्हा ज्याला छायाचित्रणाचा गंधही नव्हता त्या स्टँटननेच कॅमेरा हाती घेतला आणि नदीच्या वळणावळणावर उभे राहून शेकडो चित्रे घेतली. लोहमार्ग कधीच झाला नाही, चित्रे राहिली. बरोबर एका शतकानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट वेब यांनी त्या ठाण्यांचा माग काढून चित्रे पुन्हा घेतली, तेव्हा पुराच्या जुन्या रेषेच्या वर, खडकाळ उतारांवर, शंभर वर्षांपूर्वीची झुडपे, तीच ती वैयक्तिक झुडपे, कित्येक ठिकाणी जिवंत आढळली. त्या रेषेच्या खाली मात्र सगळा नूर पालटला होता. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाची दारे १९६३ साली मिटली तेव्हापासून नदीचे मोठे पूर थांबले, गाळ धरणातच अडकून पडला, किनाऱ्यावरील वाळूची पुळणे झिजू लागली आणि काठाने टॅमरिस्क नावाच्या झुडपांची दाटी झाली. १९६० पूर्वी ज्या कुटुंबाने त्या पुळणांवर तंबू ठोकून चित्रे घेतली असतील त्याला आज तेथे उभे राहावयास जागा मिळणे कठीण.

धरणाच्या वरच्या अंगाची कथा याहून करुण. ग्लेन कॅन्यनच्या शांत, वळणदार घळ्यांतून १९६३ पूर्वी ज्यांनी नावेने प्रवास केला त्यांच्या चित्रांतील ठाणी पॉवेल जलाशयाच्या तळाशी गेली. जलाशय प्रथम पूर्ण भरावयास १९८० साल उजाडले. पुढे एकविसाव्या शतकातील दीर्घ अवर्षणाने पाणी ओसरू लागले तसतशा बुडालेल्या काही घळ्या पुन्हा हवेत आल्या, आणि त्यांच्या भिंतींवर पाण्याने सोडलेला क्षारांचा पांढरा पट्टा अनेक पुरुष उंचीचा दिसू लागला. कोणाच्या दुर्भाग्याने कोणाचे ठाणे मोकळे व्हावे, याचा काही हिशेब नाही.

खडकही अमर नाहीत. आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील लँडस्केप आर्च या सुमारे २९० फूट लांबीच्या कमानीखाली पूर्वी लोक खुशाल बसून शिदोरी सोडीत. १९९१ च्या सप्टेंबरात तिच्यातून साठ फूट लांबीची एक कपची निसटून खाली आली, खालचे प्रवासी पळाले म्हणून वाचले, आणि कमानीखालची पायवाट कायमची बंद झाली. त्याच उद्यानातील वॉल आर्च २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री सबंधच्या सबंध कोसळली. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या शुभ्र जिप्समच्या टेकड्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांतील काही वर्षाला तीस फुटांपर्यंत सरकतात, आणि तेथे केवळ दूरच्या डोंगररेषेच्या आधाराने ठाण्याचा अंदाज बांधावा लागतो.

आपल्या लोकांचा या विषयाशी संबंध १९६५ नंतर येतो. त्या वर्षीच्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील शिकल्यासवरल्या लोकांना उघडली, मराठी डॉक्टर आणि अभियंते तेथे स्थायिक झाले, आणि नोकरीत जरा स्थिरस्थावर होताच त्यांनी आईवडिलांना बोलावून घेऊन मोटारीत घातले व ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी नेऊन उभे केले. नऊवारीवर लोकरी कोट, पायांत कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर उन्हामुळे आडवा धरलेला हात, अशी आजी आणि तिच्या शेजारी टोपी सावरणारे आजोबा, हे चित्र पुण्या-सांगलीच्या किती तरी आल्बमांत असेल. कारण त्याची एक प्रत टपालाने घरी येत असे. मुलगा कॅमेऱ्यामागे असे. त्या मुलाची मुले आता पन्नाशीकडे झुकली आहेत, आणि त्यांनी जर ते ठाणे शोधले तर त्यांना आजी-आजोबांची नव्हे, तरण्याबांड वयातील आपल्या वडिलांची जागा सापडेल. अशा घरांत पुष्कळदा मूळ पारदर्शिका अमेरिकेत आणि मजकूर लिहिलेला छाप महाराष्ट्रात अशी वाटणी झालेली असते; तेव्हा शोधाचा आरंभ चुलत्याच्या घरच्या कपाटापासून करावा लागला तर कंटाळू नये.

जागेवर गेल्यावर काही पथ्ये पाळणे अवश्य आहे. त्या वाळवंटात मातीच्या पृष्ठावर सूक्ष्म जीव, शेवाळे आणि दगडफूल यांचा एक खरबरीत काळपट पापुद्रा असतो. तो जमीन धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडला तर पूर्ववत् होण्यास अनेक दशके लागतात. वडिलांनी तो तुडवला असेल, कारण त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. आपल्याला ती सबब नाही. मॉन्युमेंट व्हॅली हे १९५८ पासून नावाहो लोकांच्या अखत्यारीतील उद्यान आहे: तेथे त्यांचे नियम चालतात, आणि जुन्या चित्रात एखादी नावाहो स्त्री किंवा मेंढपाळ मुलगा कुटुंबाच्या शेजारी उभा असेल तर तशी पुनरावृत्ती करण्यासाठी आज कोणालाही विचारल्यावाचून उभे करणे असभ्यपणाचे आहे. कड्याच्या टोकाशी जेथे आता कठडे झाले आहेत तेथे ते ओलांडून चित्र पुरे करण्याचा हट्ट धरू नये; दोन हात अलीकडून घेतलेले, थोडे चुकलेले चित्र पुरेसे आहे. पोशाखाची नक्कल करण्याचे काही कारण मला दिसत नाही. माझ्या मते दोन चित्रे घ्यावीत, पहिले कोणीही माणूस नसलेले आणि दुसरे हयात असलेल्यांनी आपापल्या मूळ जागी उभे राहून, गेलेल्यांच्या जागा तशाच मोकळ्या ठेवून.

हे सारे साधते ते चित्राचे ठिकाण कळले तर, आणि बहुतेक शोध येथेच थांबतात, कारण पाठीमागे काही लिहिलेले नसते. म्हणून ज्यांच्या घरी वडील मंडळी अजून सांगण्याजोगी आहेत त्यांनी ही पेटी पुढच्या दिवाळीची वाट न पाहता उघडावी, प्रत्येक चित्र त्यांना दाखवावे, आणि ठिकाण, महिना, वर्ष व चित्र कोणी घेतले त्याचे नाव एवढा मजकूर प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हात न दाबता, लिहून ठेवावा.